ओट्यावरची घरपट्टी

फाटकापलीकडच्या नव्या प्लॉटांत, अभिमन चौधरीच्या घरासमोर, नगरपालिकेनं शेवटी कारंजं बांधलं.

हे वाक्य ज्यांनी वाचलं असेल त्यांनी कृपा करून विसरावं. कारंजं वगैरे काही झालेलं नाही. गोष्ट सुरू होते तेव्हा त्या जागी एक बाभूळ होती आणि बाभळीखाली कुणाची तरी शेळी बांधलेली होती. पुढे कारंजं खरोखर झाल्यावर नगरपालिकासुद्धा ते झालेलंच नाही असं समजून वागायची, तेव्हा आपणही तसं समजायला हरकत नसावी. गावाचं नाव सांगत नाही. जळगावहून धुळ्याकडे जाताना मधे कुठंतरी लागतं एवढं पुरे. नाव छापून आलं तर त्याच्यावरही पट्टी बसायची.

साल अडुसष्ट-एकोणसत्तर असेल. गाव वाढत होतं. आपण वाढतो आहोत हे गावाला अजून नीटसं कळलं नव्हतं, पण नगरपालिकेला कळलं होतं. रेल्वे फाटकाच्या पलीकडे काल-परवापर्यंत ज्वारी उभी असायची, तिथं आता चुन्याच्या रेघा ओढलेले प्लॉट होते आणि प्लॉटांवर घरं उगवायला लागली होती.

त्यातलं एक अभिमनचं. अभिमन मूळचा जामनेरकडच्या एका खेड्यातला. गावातल्या जिनिंगमध्ये तो कापसाच्या काट्यावर असे. लग्न झाल्यापासून तो आणि त्याची बायको बेबाबाई जुन्या गावात शेवंताबाईच्या घरी भाड्याच्या खोलीत राहिले. खोली चांगली होती. पण घराला पुढं एक ओटा होता, आणि संध्याकाळी बेबाबाई सूप घेऊन त्या ओट्यावर टेकली की शेवंताबाई आतून म्हणायची, "अवं बेबा, खोलीनं भाडं शे. ओटा भाडाम्हा नही." मग बेबाबाई उठायची आणि गल्लीत उकिडवी बसून ज्वारी निवडायची. अशी तिनं कित्येक पोती ज्वारी उकिडवी बसून निवडली होती. म्हणून घर बांधायची वेळ आली तेव्हा तिनं नवऱ्याकडं एकच गोष्ट मागितली. दागिना नाही, लुगडं नाही. ओटा.

अभिमननं ओटा बांधला. घर दोन खोल्यांचं आणि ओटा तीन खोल्यांचा, असं ते प्रकरण झालं. वर शहाबादी फरशी. संध्याकाळी प्लॉटांतल्या सगळ्या बाया बेबाबाईच्या ओट्यावर जमायच्या. कुणी लसूण सोलायची, कुणी सासूला सोलायची. "बसा वं बहिनीसवन, भाडं लागाव नही," असं बेबाबाई येणाऱ्या प्रत्येकीला न चुकता सांगायची.

मग मागणीबिल आलं.

अभिमननं ते उभ्यानं वाचलं आणि खाली बसून पुन्हा वाचलं. त्यात दिवाबत्ती होती, पाणी होतं, सफाई होती. पण अभिमन थक्क झाला तो शेवटच्या ओळीनं. तिथं लिहिलं होतं, 'ओटा : फरशीबंद, दर्शनी, हवेशीर, बैठकीस अत्यंत योग्य.' आयुष्यात त्याच्या कुठल्याही गोष्टीबद्दल कुणी इतकं चांगलं लिहिलं नव्हतं. शाळेतल्या प्रगतिपुस्तकातही नाही. आपण फाटकापलीकडे राहतो, आणि तिकडे कचेरीत बसलेल्या साहेबाला आपल्या ओट्यावर हवा लागते हे माहीत आहे, या विचारानं त्याला क्षणभर भरूनच आलं. त्यानंतर त्यानं आकडा वाचला.

"अवं, ओटाबी मोजेल शे," तो बायकोला म्हणाला. "घरनी जितली पट्टी, तितलीच ओटानी."

"मंग?"

"मंग काय! जिनिंगना पगार चार महिना, नी पट्टी बारा महिना. मोडी टाकूत ओटा. पट्टी निम्मी व्हई."

बेबाबाईनं हातातलं सूप खाली ठेवलं. ती रागावली असती तर अभिमनला बरं वाटलं असतं. ती शांतपणे म्हणाली, "मोडा. नी ओटाना दगडं ज्या गाडीम्हा जातीन, त्याच गाडीम्हा माले माहेरले धाडी द्या."

तेव्हा अभिमननं ठरवलं की आधी अर्ज करून बघायचा. अर्जानं पट्टी कमी झाली तर ओटा राहील. नाही झाली तर ओट्याचं काय करायचं ते मग बघू. मात्र हे 'मग' बेबाबाईला दिसत होतं. त्या दिवसापासून ती ओट्यावर जरा कडेला बसायला लागली.

अर्ज घेऊन तो निघाला तेव्हा शेजारच्या नेमीचंदशेठनं खिडकीतून हाक मारली. नेमीचंदशेठचं किराण्याचं दुकान होतं, घर चांगलं दुमजली होतं आणि त्याला घरपट्टी नव्हती. कारण घराला पुढचा दरवाजा नव्हता. दरवाजा नाही म्हणजे घर अपूर्ण, आणि अपूर्ण घराला पट्टी कशी लावणार? दरवाज्याच्या जागी त्यानं कोरड्या विटा रचून ठेवल्या होत्या आणि सगळं कुटुंब बाजूच्या खिडकीतून ये-जा करत असे. गेल्या दिवाळीत जावईसुद्धा खिडकीतूनच आले. शेठाणी गुलाबबाईंनी खिडकीला तोरण बांधलं होतं आणि बाहेर रांगोळी काढली होती.

"अभिमनभाऊ, हातात काय? अर्ज?"

"हो शेठ. इथं दिवा नाही, नळ नाही, झाडू नाही. आणि पट्टी तिन्हींची! तसंच लिहिलंय."

"न्याय मागा, उधारी मागा, पोरीसाठी स्थळ मागा. पण नगरपालिकेकडे सोय मागू नका."

"का बरं?"

"देऊन टाकतात, भाऊ," नेमीचंद हळू आवाजात म्हणाला आणि त्यानं खिडकी लावून घेतली.

अर्जाची चौकशी करायला घरपट्टी निरीक्षक पंडितसाहेब सायकलवरून आले. भर थंडीचे दिवस होते. साहेब येणार हे आधी कळलं होतं, त्यामुळं अभिमननं तयारी केली होती. चांगली गादी आत सरकवली होती, फाटकी गोधडी दोरीवर टाकली होती आणि बाभळीखालची शेळी ओट्यावर आणून बांधली होती. "आपली परिस्थिती वाईट शे. ती दिसाले पाहिजे," असं त्यानं बायकोला दहादा बजावलं होतं. बेबाबाईनं मान डोलावली होती.

पंडितसाहेबांनी टेप लावून सगळं मोजलं. शेळीही बघितली. सगळं ठीक चाललं होतं. मग टेप गुंडाळत ते म्हणाले, "वहिनी, पाणी मिळेल का?"

तिथं घात झाला. खानदेशात दारी आलेल्या माणसानं पाणी मागितलं की बाईच्या डोक्यात पुढचं सगळं आपोआप सुरू होतं. बेबाबाईनं तांब्या दिला आणि आत जाऊन चुलीत वांगी घातली.

अभिमन धावत आत गेला. "काय करी ऱ्हायनी तू?"

"भरीत."

"अवं, गरिबी दखाडानी शे ना!"

"गरिबी दखाडू ना. पन मानूस दारसे ईसन उपाशी जाई? लोके काय म्हनतीन?" आणि आपल्या ताटांना पोचे आहेत हे लक्षात आल्यावर ती मागच्या बाजूनं गेली आणि गुलाबबाईंच्या खिडकीतून स्टीलची नवी कोरी ताटं मागून घेऊन आली. त्या वेळी स्टील म्हणजे लग्नात आंदण म्हणून मिरवायची वस्तू होती.

पंडितसाहेब ओट्यावर जेवायला बसले. भरीत, कळण्याच्या पुऱ्या, ठेचा, कांद्याची पात, वर तेलाची धार. अभिमन समोर बसून कळवळून सांगत होता, "साहेब, आमच्याकडं काही नाही हो. खरंच काही नाही. गरिबाचं घर आहे."

आता हे अगदी खरं होतं. पण खानदेशात प्रत्येक यजमान पाहुण्याला आग्रह करताना नेमकं हेच बोलतो. 'आमच्याकडं काही नाही' म्हटलं की अजून एक पदार्थ यायचा आहे असं पाहुणा समजतो. 'गरिबाचं घर' म्हटलं की केळीचे मळे असतील असं समजतो. पंडितसाहेब हसत म्हणाले, "असं कसं, चौधरी! सगळं आहे की!"

"देवाशपथ नाही साहेब!"

"किती हा विनय!" साहेब म्हणाले.

अभिमननं बायकोकडं डोळे वटारून बघितलं, म्हणजे आता पुरे. बेबाबाईनं त्याचा अर्थ घेतला, की वाढण्यात कमी पडतंय. तिनं आणखी चार पुऱ्या वाढल्या आणि मागून शेवयांची खीर आणली. जाताना साहेबांनी दोन्ही हात जोडले. म्हणाले, "तुमचं म्हणणं रास्त आहे. दिवा नाही हे मी स्वतः पाहिलं. तुमच्यावर अन्याय होऊ देणार नाही."

आणि नगरपालिकेनं शब्द पाळला. महिन्याभरात दोन गोष्टी झाल्या. पहिली म्हणजे सुधारित बिल आलं. त्यात ओट्यासमोर 'बैठकीस' खोडून 'पंगतीस अत्यंत योग्य' असं केलेलं होतं आणि त्याप्रमाणात पट्टी वाढली होती. दुसरी म्हणजे खांब आला.

खांब बैलगाडीवरून आला, आडवा. तो येताना मागं-पुढं इतकी माणसं चालत होती की लांबून वरातच वाटली. त्यांनी तो अभिमनच्या घरासमोर, रस्त्याच्या तिठ्यावर उभा केला. लोखंडी, उंच, रुपेरी रंगाचा. फाटकापलीकडची सगळी माणसं माना वर करून उभी राहिली. इतकी उंच वस्तू त्या बाजूला आजवर ज्वारीच होती. बेबाबाईनं खांबाला हळद-कुंकू लावलं.

"दिवा कधी लागंल?" अभिमननं मुकादमाला विचारलं.

"दिव्याला तार लागते."

"तार कधी येईल?"

"तार वेगळ्या योजनेत आहे," मुकादम म्हणाला. "ही खांबाची योजना आहे. ती पूर्ण झाली."

तार न येताच पुढचं बिल आलं. घर आता 'खांबालगत' होतं. खांबालगतच्या घराला जास्त भाडं येऊ शकतं, जास्त भाडं येऊ शकतं म्हणून किंमत जास्त, किंमत जास्त म्हणून पट्टी जास्त. अभिमननं हा हिशेब दोनदा तपासून पाहिला. त्यात कुठंच चूक नव्हती. काट्यावर इतकी वर्षं काढलेल्या माणसाला बिनचूक कामाची किंमत कळते. तो मनापासून म्हणाला, "काय डोकं शे बघ!" आणि कोपऱ्यातली पहार उचलून ओट्याकडं निघाला.

बेबाबाई ओट्यावर बसली होती. ती हलली नाही.

"उठ."

"नही."

"बेबा, आपल्याले झेपाव नही."

"मंग खांब काढा म्हना. खांब त्यासना. ओटा माना."

हे म्हणणं अभिमनला पटलं. खांब गेला की खांबाची पट्टी जाईल. त्यानं पहार भिंतीला टेकवली आणि दुसरा अर्ज लिहिला. नेमीचंदशेठ खिडकीतून बाहेर येत होता, तो अर्ज बघून परत आत गेला.

अभिमन कचेरीत पोचला तेव्हा मार्च सुरू झाला होता. सरकारी कचेरी एरवी कशीही असो, मार्चमध्ये तिचं रूप पाहण्यासारखं असतं. अकरा महिने न उठलेली माणसं उभी होती. उभी असलेली धावत होती. ओव्हरसियरनं अर्ज हातात घेतला आणि त्याचे डोळे चमकले.

"फाटकापलीकडे? खर्च करायला जागा आहे तिथं?"

"साहेब, खर्च नको. नुसता खांब काढून न्यायचा आहे."

"काढायची तरतूद नसते, चौधरी. नगरपालिकेत आजवर लावलेली वस्तू काढण्यासाठी एक पैसासुद्धा मंजूर झालेला नाही. लावायची तरतूद आहे. आणि ती एकतीस तारखेपर्यंत संपवली नाही तर परत जाते. पुढच्या साली तेवढीही मिळत नाही." त्यानं नकाशा पसरला. "इथं खांब आहे. तीन रस्ते येतात. म्हणजे हा चौक झाला."

"चौक कसा? तिथं तर फक्त बाभूळ..."

"खांब आणि रस्ते असले की चौकच होतो. आणि चौक म्हटला की सुशोभीकरण आलं. तुम्ही नशीबवान आहात. गावात चौक खूप आहेत, पण सगळ्या चौकांत काही ना काही उभं करून झालंय. मोकळा चौक सापडत नव्हता."

"साहेब, माझा अर्ज..."

"मंजूर!" ओव्हरसियर म्हणाला. त्याचा आवाज जड झाला होता. "मार्चमध्ये आम्ही कुणाला नाही म्हणत नाही."

सुरुवातीला जे विसरा म्हणून सांगितलं ते आता आठवायला हरकत नाही. बाभूळ गेली, शेळी गेली, आणि दोन आठवड्यांत तिथं कारंजं उभं राहिलं. मधे कमळ, कमळावर चार हंस, हंसांच्या चोची आकाशाकडं. सिमेंटचे हंस पांढरे आणि चोची लाल. खांब राहिलाच. तो हंसांच्या मधोमध आला होता, त्यामुळं लांबून तो कमळाचा देठ उलटा वर गेल्यासारखा दिसे. पाण्याचा नळ मात्र तिथून बराच लांब, फाटकाच्या अलीकडेच थांबला होता. तो तिसऱ्या योजनेत होता.

लोक लांबून लांबून बघायला यायला लागले. सावद्याहून केळीची गाडी घेऊन आलेले दोघं वाट वाकडी करून आले आणि पागोटी सावरत उभे राहिले.

"आबा, ह्यानाम्हातून पानी निंघस?"

"आते नही निंघस. पन निंघी."

"कधय?"

"सरकारनं शे. उगा घाई करू नको."

दोघांनी आणखी थोडा वेळ बघितलं. मग धाकट्यानं हंसांना हात जोडले.

उद्घाटनाला नगराध्यक्ष तोतारामनाना येणार होते. नगराध्यक्ष म्हटले म्हणजे व्यासपीठ लागतं. पंडितसाहेब जागा बघायला आले, आणि त्यांची नजर थेट ओट्यावर गेली. लांब, रुंद, फरशीबंद, दर्शनी, हवेशीर. "चौधरी, असलं व्यासपीठ टाऊन हॉललासुद्धा नाही!"

बेबाबाई दोन दिवस ओटा धूत होती. रांगोळी काढली, झेंडूच्या माळा सोडल्या. नानांची खुर्ची ओट्याच्या मधोमध ठेवली. आणि समारंभाच्या वेळी गर्दीत तिला शेवंताबाई दिसली, जुनी घरमालकीण, टाचा उंचावून बघणारी. बेबाबाई ओट्यावर नानांच्या खुर्चीमागं आरतीचं ताट घेऊन उभी होती. तिनं शेवंताबाईकडं बघून मान हलवली आणि हातानं खूण केली, की या वर, बसा, जागा शे. इतका सुंदर क्षण तिच्या आयुष्यात दुसरा आला नव्हता.

पाण्याची व्यवस्था ओव्हरसियरनं केली होती. कारंज्याच्या मागं पडदा लावला होता, पडद्यामागं शिडी, शिडीवर एक माणूस, आणि त्याच्या हाती बेबाबाईच्या घरातले पिण्याच्या पाण्याचे हंडे. नानांनी फीत कापली. माणसानं नळीच्या तोंडाशी नरसाळं धरून हंडा ओतला. आणि चारही हंसांच्या चोचींतून एकदम पाणी उसळलं.

लोकांच्या तोंडून 'हाऽऽऽ' असा आवाज निघाला. म्हाताऱ्यांनी पागोटी काढली. पाणी उन्हात चमकलं, हंसांच्या पाठीवरून ओघळलं, खांबावर उडालं. अभिमन सगळं विसरून टाळ्या वाजवत होता. ही पट्टी आपण भरतो, आणि ती अशी आकाशात उडते, हे त्यानं पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिलं. दोन हंडे संपेपर्यंत कारंजं चाललं. त्यानंतर ते कधीच चाललं नाही.

नाना भाषणाला उभे राहिले, तेव्हा अभिमननं धीर केला. पुढं होऊन त्यानं वाकून नमस्कार केला आणि सगळ्या सभेसमोर म्हणाला, "नाना, या ओट्यावरची पट्टी झेपत नाही. एवढी माफ करा. नाहीतर मला ओटा मोडावा लागंल."

नाना चांगल्या मनाचे होते आणि समोर फोटोवाला होता. त्यांनी अभिमनच्या खांद्यावर हात ठेवला. "मोडावा लागेल? जिथं उभं राहून मी हे कारंजं गावाला अर्पण केलं, तो ओटा? मी जाहीर करतो, आजपासून ह्या ओट्यावर एक पैसादेखील घरपट्टी राहणार नाही. कायमची माफ!"

टाळ्या थांबेनात. बेबाबाईनं पदर डोळ्यांना लावला. अभिमन नानांच्या पायावर पडायला गेला, तेव्हा नानांनी त्याला वरच्या वर उचलून फोटोवाल्याकडं तोंड करून धरलं. एकटा नेमीचंदशेठ आपल्या खिडकीत उभा होता, आणि त्यानं कपाळाला हात लावला होता.

"शेठ, जिंकलो!" समारंभानंतर अभिमन त्याला म्हणाला.

"फुकट मिळालं ना?" नेमीचंद म्हणाला. "चाळीस वर्षं धंदा करतो, भाऊ. फुकटाला मी भितो."

त्याचं भय आठवड्यात खरं ठरलं. नगरपालिकेचे रंगारी आले आणि ओट्याच्या पुढच्या कडेला निळ्या रंगाची पाटी लावून गेले. बेबाबाई निवडायची ज्वारी घेऊन बाहेर आली. तिला वाचता येत नव्हतं. "काय लिखेल शे वं?" तिनं खिडकीतून उतरणाऱ्या गुलाबबाईंना विचारलं.

गुलाबबाई मोठ्यानं वाचायला लागल्या आणि मधेच हळू झाल्या. "'सार्वजनिक व्यासपीठ. नगरपालिका मालमत्ता. विनापरवाना बसण्यास सक्त मनाई.'"

सूप तसंच हातात धरून बेबाबाई मागं सरकली आणि उंबऱ्याच्या आत उकिडवी बसली.

अभिमन तसाच कचेरीत धावला. पंडितसाहेबांनी उठून त्याचं स्वागत केलं आणि चहा मागवला.

"चौधरी, अभिनंदन! साऱ्या गावात असं काम कुणाचं झालं नाही."

"साहेब, ओट्यावर पाटी कशी लागली?"

"त्याशिवाय माफी कशी देणार? खासगी ओट्याला माफी नाही. माफी फक्त सार्वजनिक मालमत्तेला. नानांनी तर सभेत शब्द दिला. नानांचा शब्द खाली पडू द्यायचा का? तेव्हा आम्ही ओटा सार्वजनिक करून घेतला. रात्री जागून केलं हो. तुमच्या घरचं भरीत विसरलो नाही मी."

"पण ओटा माझा आहे!"

"कशावरून?"

"मी बांधलाय!"

"बांधणारे गवंडी असतात. मालक म्हणजे जो पट्टी भरतो तो. ओट्याची पट्टी भरल्याची चालू पावती आहे तुमच्याकडं?"

"तुम्हीच तर माफ केली!"

"म्हणजे नाही," पंडितसाहेब हळहळून म्हणाले. "बघा, तुम्ही गुपचूप पट्टी भरत राहिला असता तर आज ब्रह्मदेव आला असता तरी तो ओटा तुमचाच होता." मग काहीतरी आठवून त्यांनी आवाज आणखी मऊ केला. "आणि एक सांगायचं राहिलं. तुमचं घर आता चौकात, कारंज्यासमोर, सार्वजनिक व्यासपीठामागं आलं. घराची पट्टी थोडी वाढेल. शिवाय तुमचा दरवाजा व्यासपीठावर उघडतो. तेवढा बंद करून घ्या."

अभिमन घरी आला तेव्हा बाहेर पडायला वाट उरली नव्हती, पण सुदैवानं त्याच्याही घराला बाजूनं एक खिडकी होती. दुसऱ्या दिवसापासून चौधरी मंडळी तिच्यातून जायला-यायला लागली. नेमीचंदशेठनं समोरच्या खिडकीतून त्यांना पाय कसा टाकायचा ते प्रेमानं दाखवलं.

संध्याकाळ झाली. प्लॉटांतल्या बाया सवयीनं आल्या, पाटीसमोर थबकल्या आणि आपापल्या घरी गेल्या. ओटा उन्हात तापलेला, स्वच्छ, हवेशीर आणि रिकामा पडला होता. त्याच्यावर फक्त एक कावळा बसला होता, विनापरवाना. बेबाबाई आतून त्याच्याकडं बघत होती.

"ऐका ना," ती नवऱ्याला म्हणाली. "आतेपावत तुम्ही पट्टी कमी कराना अर्ज करात. आते मी सांगस. एक अर्ज करा."

"काय लिखू?"

"लिखा, पट्टी लावा म्हना. जितली म्हनतीन तितली. पाटल्या मोडसू, पन भरसू. माना ओटा माले परत द्या."

अभिमननं दिवा पुढं ओढला, दौत उघडली, आणि अत्यंत वळणदार अक्षरात, काना-मात्रा न चुकवता, लिहिलं:

'मे. अध्यक्षसाहेब यांचे सेवेशी. विनंती अर्ज करितो ऐसाजे. अर्जदाराचे घरापुढील ओट्यावरील घरपट्टी आपण कृपावंत होऊन कायमची माफ केली, त्याबद्दल अर्जदार सहकुटुंब आभारी आहे. सदर माफी अर्जदारास सोसत नाही. तरी मेहेरबानांनी सदर माफी रद्द करून ओट्यावर पूर्वीप्रमाणे, अथवा नगरपालिकेच्या वाढत्या खर्चाचा विचार करता पूर्वीच्या दुप्पट, घरपट्टी बसवावी, मागील थकबाकी व्याजासह वसूल करावी, आणि सदरहू पट्टी भरल्याच्या पावतीवर अर्जदाराच्या पत्नीस सायंकाळी ज्वारी निवडण्याकरिता ओट्याच्या कोणत्याही एका कोपऱ्यात बसू द्यावे, ही नम्र विनंती.'